नोटोरियस (१९४६): हेरपट म्हणून चर्चेत नेमकं काय दाखवावं?

कृष्णधवल

आल्फ्रेड हिचकॉकचा 'नोटोरियस' एका चित्रपट-अभ्यासगटासमोर दाखवायचा आहे. सिनेमा १०१ मिनिटांचा, त्यानंतर चर्चेला साधारण पाऊण तास. गटातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात हेरपट म्हणजे पाठलाग, स्फोट आणि खास बनवलेली उपकरणं. इथे त्यातलं काहीच नाही. सुरुवातीला एक पोलीस मोटारसायकलवरून मागे लागतो, तोही गाडी वेगात हाकली म्हणून. पडद्यावर बंदूक चालत नाही. शेवटचा प्रसंग म्हणजे माणसं जिना उतरतात, बस. आणि तरीही त्या जिन्यावर श्वास रोखला जातो.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (पुढे सगळं कथानक उघड होणार आहे, सावध राहा): देशद्रोहाबद्दल शिक्षा झालेल्या जर्मन माणसाची मुलगी ॲलिशिया (इन्ग्रिड बर्गमन) हिला अमेरिकी हेर डेव्हलिन (कॅरी ग्रँट) रिओला नेतो. दोघं प्रेमात पडतात. मग कळतं की तिला ज्याच्या घरात शिरायचं आहे तो, नाझी कटात सामील असलेला सबॅस्टियन (क्लॉड रेन्स) तिच्यावर पूर्वीपासून भाळलेला आहे. ती त्याच्याशी लग्न करते. घरातल्या दारूच्या तळघरात काहीतरी दडवलेलं आहे आणि त्या तळघराची किल्ली फक्त नवऱ्याकडे आहे.

मला पुढच्या गोष्टींवर मदत हवी आहे. चर्चेच्या वेळी कोणते दोन-तीन तुकडे पुन्हा लावावेत? पार्टीतला तो वरून थेट किल्लीपर्यंत येणारा शॉट समजावून सांगताना "किती भारी आहे" याच्या पुढे काय सांगता येईल? सबॅस्टियनला बायकोचं सोंग कसं कळतं, ती साखळी मला सलग मांडायची आहे. आणि दाखवताना तांत्रिक बाजूने काय जपावं?

---

तळघरातला_दिवा

दोनच तुकडे घ्यायचे असतील तर किल्लीची चोरी आणि तळघर, हे दोन घ्या. मधला पार्टीचा शॉट त्यांना जोडतोच.

किल्लीची चोरी आधी बारकाईने बघा. सबॅस्टियन न्हाणीघरात आहे, तो बोलतोय ते ऐकू येतं, दारावर त्याची सावली हलते. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर पडलेला. ॲलिशिया त्यातली एकच किल्ली काढते. तिच्यावर 'युनिका' हे कुलुपाचं नाव कोरलेलं आहे. किल्ली मुठीत जाते न जाते तोच तो बाहेर येतो आणि प्रेमाने तिच्या दोन्ही मुठी हातात घेतो. एक मूठ उघडून तळव्याचं चुंबन घेतो. आता दुसरी उघडणार, एवढ्यात ती त्याच्या गळ्यात हात टाकते, त्याच्या पाठीमागे किल्ली गालिच्यावर सोडते आणि पायाने टेबलाखाली सरकवते.

इथे प्रेक्षकांना विचारा: या क्षणी आपण कुणाच्या बाजूने घाबरलेलो आहोत? तो तिच्यावर संशय घेत नाहीये. उलट मघाशी डेव्हलिनवरून चिडल्याबद्दल माफी मागतोय. त्याची माया जितकी खरी, तितका धोका वाढतो. झडती घेणारा पहारेकरी असता तर हा प्रसंग साधा झाला असता. इथे जीव धोक्यात घालणारी कृती म्हणजे नवऱ्याने बायकोचा हात हातात घेणं. हेरगिरी घरात आली की काय होतं ते या एका मिनिटात आहे.

आता तळघर. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोने १९६२ मध्ये हिचकॉकची दीर्घ मुलाखत घेतली, तीत टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला आहे. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर स्फोटाच्या वेळी त्याला काही सेकंदांचा धक्का बसतो. माहीत असेल तर तोच प्रेक्षक पंधरा मिनिटं अस्वस्थ राहतो. 'नोटोरियस'मध्ये बॉम्बच्या जागी शॅम्पेन आहे. गणित असं: पार्टीत शॅम्पेन संपली की तळघर उघडावं लागणार. तळघर उघडायला सबॅस्टियन जुडगा काढणार. जुडग्यात किल्ली नाही. म्हणजे पाहुण्यांनी रिचवलेला प्रत्येक ग्लास म्हणजे घड्याळाचा एक ठोका. बर्फात ठेवलेल्या बाटल्या कॅमेरा पुन्हा पुन्हा दाखवतो आणि दर वेळी त्या कमी झालेल्या असतात. नोकर जोसेफ तसं बोलूनही दाखवतो. हिचकॉक स्वतः जिथे क्षणभर दिसतो तो प्रसंगही हाच: शॅम्पेनचा ग्लास घेतो, एका दमात संपवतो आणि निघून जातो. दिग्दर्शकाने आपली हजेरीसुद्धा घड्याळ पुढे ढकलायला वापरली आहे. हे गटाला आवर्जून दाखवा.

तळघरात काय चुकतं? पार्टीत ॲलिशियाने गुपचूप दिलेली किल्ली घेऊन तिच्यासोबत खाली आलेला डेव्हलिन फडताळावरचं चाळत असताना एक बाटली कडेकडे सरकत जाते. त्याचं लक्ष नाही, आपलं आहे. बाटली पडून फुटते आणि दारूच्या जागी काळसर वाळूसारखी भुकटी बाहेर येते. तो नमुना खिशात घेतो, काचा आणि उरलेली भुकटी फडताळाखाली ढकलतो, दुसऱ्या एका बाटलीतली दारू ओतून टाकून तीत भुकटी भरतो आणि रिकाम्या जागी ठेवतो. घाईत एक गोष्ट राहते. शेजारच्या बाटल्यांच्या लेबलावर एक साल आहे, या बाटलीवर दुसरंच.

तुम्ही मागितलेली साखळी आता क्रमाने सांगतो.

सबॅस्टियन खाली येतो तेव्हा त्याला डेव्हलिन आणि ॲलिशिया चुंबन घेताना दिसतात. ते डेव्हलिनने मुद्दाम घडवलेलं आहे, म्हणजे नवऱ्याला मत्सर वाटावा आणि तळघराचा विचार त्याच्या डोक्यात येऊ नये. युक्ती चालते. त्याला वाटतं, प्रेमप्रकरण आहे. मग जोसेफबरोबर दारू आणायला तो तळघराच्या दाराशी जातो, जुडगा काढतो, 'युनिका' गायब. चेहरा बदलत नाही. आहे तेवढी दारू पुरेल असं जोसेफला सांगून तो परत फिरतो. रात्री जुडगा नेहमीच्या जागी ठेवतो. सकाळी किल्ली परत आलेली. चोरीपेक्षा ही परतफेड जास्त बोलते: घेणारा घरातला आहे आणि त्याला काम उरकून सगळं पूर्ववत करायचं होतं. तो तळघरात जातो, बाटल्या पाहतो, सालाचा फरक दिसतो, वाकून फडताळाखाली पाहतो तर काचा आणि भुकटी.

सगळं जवळजवळ शब्दाविना. तो आईच्या खोलीत जाऊन कबुली देतो तेव्हा बोलणं सुरू होतं. तोवर प्रत्येक पुरावा आपण त्याच्या आधी पाहिलेला आहे आणि तो आपल्यामागून त्याच वाटेने येतोय. आपण किल्लीचा प्रवास उलट्या क्रमाने पुन्हा पाहतो, या वेळी फसवल्या गेलेल्या माणसाच्या नजरेतून. चर्चेत या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या.

---

फोकसवाला

किल्लीच्या शॉटबद्दल. कॅमेरा जिन्याच्या वरच्या टोकाशी आहे, खाली दिवाणखान्यात पाहुण्यांची गर्दी, झुंबर, काळी-पांढरी फरशी. तिथून तो न थांबता खाली उतरत जातो, गर्दीतून ॲलिशियाला शोधतो आणि तिच्या पाठीमागे लपवलेल्या डाव्या हातातल्या किल्लीवर येऊन थांबतो. छायाचित्रण टेड टेट्झलाफचं. मध्ये कट नाही, हे महत्त्वाचं. कट मारला असता तर "पार्टी" आणि "किल्ली" अशा दोन बातम्या झाल्या असत्या. सलग शॉटमुळे वाक्य एकच होतं: या सगळ्या झगमगाटात खरी गोष्ट एवढीशी आहे.

पण तो अवघड का, हे आकड्यांनी दाखवलं तर गटाला नीट पोचेल. हे आकडे आजच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याचे आणि ५० मिमी लेन्सचे आहेत, मूळ शॉटचे नव्हेत. अडचण मात्र तीच.

अंतर ६ मीटर, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक) एफ/४: साधारण ४.७ मीटरपासून ८.४ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट दिसतं. फोकस ओढणारा दोन पावलं चुकला तरी चालतं. तोच कॅमेरा हातापासून अर्ध्या मीटरवर आला की स्पष्ट पट्टा उरतो जेमतेम २ सेंटिमीटरचा. नटीने श्वास घेतला तरी किल्ली त्या पट्ट्याबाहेर. भोक लहान करून एफ/११ केलं तर पट्टा ६ सेंटिमीटरच्या आसपास जातो, पण मग प्रकाश आठपट लागतो, आणि तोही नुसता हातावर नाही, सबंध दिवाणखान्यावर, कारण शॉटची सुरुवात तिथे आहे.

दुसरी अडचण वेगाची, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ६ मीटरवरून फ्रेमची रुंदी सुमारे ४.३ मीटर असते. अर्ध्या मीटरवर ती ३२ सेंटिमीटर. कॅमेरा एकसारख्या वेगाने सरकवला तर पहिल्या मीटरमध्ये (६ वरून ५) फ्रेम जेमतेम १७ टक्क्यांनी आकसते. शेवटच्या मीटरमध्ये (दीडवरून अर्ध्यावर) ती एक तृतीयांशापेक्षाही कमी उरते. म्हणजे हात सारख्या वेगाने चालला तरी डोळ्याला शेवटी झेप घेतल्यासारखं वाटतं. म्हणून हळूहळू वेग काढून घ्यावा लागतो. 'नोटोरियस'मध्ये शेवटाला कॅमेरा कसा अलगद थांबतो ते बघा, किल्लीवर आदळत नाही.

गटातल्या कुणाला सरावासाठी असा शॉट घ्यायचा असेल तर क्रम उलटा ठेवा. शेवटची फ्रेम आधी पक्की करा: हात कुठे, मूठ किती उघडी, किल्लीवरचा उजेड कुठून. हात कशाला तरी टेकू द्या, कमरेला किंवा खुर्चीच्या पाठीला. अधांतरी हात १ सेंटिमीटर तरी हलतोच. मग कॅमेरा मागे मागे नेत टेपने अंतरं मोजा आणि फोकसच्या चकतीवर खुणा करा: ६, ४, २, १ मीटर आणि शेवटचं. शेवटच्या मीटरमध्ये खुणा दाट हव्यात, कारण तिथे चकती सगळ्यात जास्त फिरते. लेन्स किती जवळ फोकस करते तेही आधी तपासा. बऱ्याच ५० मिमी लेन्स ४५ सेंटिमीटरच्या अलीकडे काम करत नाहीत.

फसण्याच्या नेहमीच्या जागा दोन. एक, कॅमेऱ्याची किंवा तो ज्यावर बसवला आहे त्या दांड्याची सावली शेवटी हातावर पडते, म्हणून मुख्य दिवा बाजूने हवा, कॅमेऱ्याच्या मागून नको. दोन, दांड्याचा कंप. रुंद फ्रेममध्ये ३ मिलिमीटरची थरथर दिसत नाही. ३२ सेंटिमीटरच्या फ्रेममध्ये ती मोठ्या पडद्यावर स्पष्ट दिसते. थांबल्यावर दोन-तीन सेकंद दांडा स्थिर होऊ द्यावा लागतो आणि नेमकं तेव्हाच नटीने किल्ली बोटांत खेळवायची असते.

अभिनयाचीही बाजू आहे. चेहरा फ्रेमबाहेर गेल्यावर बर्गमनकडे उरतात फक्त बोटं. ती घाबरलेली आहे हे ती बोटं सांगतात.

---

कृष्णधवल

दोघांचेही आभार. फ्रेमच्या रुंदीचा हिशोब फळ्यावर काढून दाखवता येईल, फार उपयोगाचा आहे.

अजून एक शंका. "ही मुळात प्रेमकथा, हेरगिरी नावापुरती" असा आक्षेप नक्की येईल. शिवाय डेव्हलिन तिच्याशी इतका कठोर वागतो की काही जण त्याला नायक मानायलाच तयार नसतात. यावर सिनेमातलाच पुरावा हवा आहे.

---

मधली_रांग

पुरावा वस्तूंमध्ये आहे. दोन वस्तूंचा माग काढा: बाटली आणि गळपट्टा.

बाटली सुरुवातीला ॲलिशियाच्या मायामीच्या पार्टीत आहे. ती दुःख बुडवायला पिते. मग रिओत दोघांची ती प्रसिद्ध बाल्कनी. तेव्हाच्या प्रॉडक्शन कोडखाली (हॉलिवूडच्या सेन्सॉरच्या नियमांखाली) लांब चुंबन चालत नसे, म्हणून हिचकॉकने ते तोडून तोडून घेतलं: ओठ टेकतात, सुटतात, रात्रीच्या जेवणातल्या कोंबडीवर बोलणं होतं, पुन्हा टेकतात, बाल्कनीतून फोनपाशी, फोनवरून दारापाशी. सुमारे अडीच मिनिटं कॅमेरा दोघांना चिकटून आहे. नियमातली पळवाट शोधताना त्याला जास्त खरं काही सापडलं; प्रेमात पडलेली माणसं अशीच अर्धवट बोलत, एकमेकांना न सोडता घरभर हिंडतात.

त्या दारातून डेव्हलिन बाहेर पडतो, येताना शॅम्पेन आणायची म्हणून. बाटली हातात घेऊनच तो वरिष्ठांच्या कचेरीत शिरतो. तिथे त्याला कळतं की ॲलिशियाला कुणाच्या बिछान्यापर्यंत पाठवायचं आहे. तो निघून जातो आणि बाटली टेबलावर राहते. कॅमेरा ती वेगळी दाखवतो. परत आल्यावर त्याला आठवतही नाही ती कुठे विसरली. संतापाचा एकही संवाद नाही, पण काय मोडलं ते कळलं. नंतर सबॅस्टियनच्या घरी जेवणाच्या टेबलावर एक पाहुणा भलत्याच बाटलीकडे बोट दाखवून गडबडतो आणि त्या चुकीपायी जिवाला मुकतो. मग पार्टी, मग तळघर. प्रेमाची बाटली आणि हेरगिरीची बाटली यांची रांग एकच आहे. हे धागे सुटे करताच येत नाहीत. ॲलिशियाचं काम म्हणजे प्रेमाचं नाटक, आणि ज्याच्यावर खरं प्रेम आहे त्याच्यासमोर तिला त्या नाटकाचे अहवाल द्यावे लागतात.

घोड्यांच्या शर्यतीतला प्रसंग घ्या. दोघं अनोळखी असल्यासारखे शेजारी उभे, ती दुर्बिणीतून शर्यत पाहतेय. सबॅस्टियनशी संबंध कुठवर गेला ते ती सांगते. डेव्हलिन टोचून बोलतो, तिच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते झाकायला ती दुर्बीण डोळ्यांवर धरते. भिंगात धावणारे घोडे दिसतात. हेराचं साधन इथे अश्रू लपवायला वापरलं जातं. "हेरगिरी नावापुरती" म्हणणाऱ्याला हा एक प्रसंग पुरेसा आहे.

गळपट्ट्याकडे तर हमखास दुर्लक्ष होतं. पहिल्या रात्री ती उघड्या पोटाच्या पोशाखात बाहेर निघते तेव्हा गारठा आहे म्हणून डेव्हलिन आपला गळपट्टा तिच्या कमरेला बांधतो. त्याच्याकडून आलेली ती पहिली काळजी. पुढे बाकावरच्या भेटीत ती तो परत करते. तेव्हा सबॅस्टियन आणि त्याची आई तिला कॉफीतून हळूहळू विष देतायत आणि त्याला वाटतंय की ती पुन्हा प्यायला लागली. जो माणूस दिवसरात्र खोटं पकडण्याचं काम करतो, तो नेमका तिच्या बाबतीत चुकतो, कारण पहिल्या दिवसापासून तिच्याबद्दलचं मत त्याने ठरवून टाकलेलं आहे. त्याचा कठोरपणा सिनेमा झाकत नाही. शेवटी तो तिच्या खोलीत येऊन आपलं चुकलं हे कबूल करतो, म्हणून सुटका होते. कथेचा काटा याच कबुलीवर आहे.

अजून एक जोडी दाखवण्यासारखी आहे. सुरुवातीला नशेतून उठलेल्या ॲलिशियाच्या तोंडापुढे मोठा ग्लास, डेव्हलिन "पी" म्हणतो आणि दारातून तिच्याकडे येताना तिच्या नजरेत तिरपा होत होत उलटा दिसतो. उत्तरार्धात तशीच रचना, ग्लासच्या जागी कॉफीचा कप, फ्रेमच्या अगदी पुढे, तिच्यापेक्षा मोठा. सबॅस्टियनचे साथीदार डॉ. अँडरसन चुकून तिचा कप उचलतात तेव्हा सबॅस्टियन आणि त्याची आई दोघंही एकदम ओरडून थांबवतात, आणि ॲलिशियाला सगळं उमगतं. ती कपाकडे बघते, मग त्या दोघांकडे. सावल्या एकमेकींत मिसळतात, आवाज लांबून आल्यासारखे होतात.

आणि आईबद्दल बोलल्याशिवाय चर्चा संपवू नका. लिओपोल्डीन कॉन्स्टँटिन ही रेन्सपेक्षा जेमतेम काही वर्षांनी मोठी, तरी आई म्हणून शंका येत नाही. पहिल्यांदा दिसते तेव्हा लांबून जिना उतरून सरळ कॅमेऱ्यावर चालत येते, चेहरा फ्रेम भरून टाकेपर्यंत. आपली बायको हेर आहे असं मुलगा सांगतो, तेव्हा ती पलंगावर उठून बसते आणि शांतपणे सिगारेट पेटवते. तिला वाईट वाटलेलं नाही. तिचं म्हणणं खरं ठरलं आहे.

---

जुनी_रिळं

दाखवण्याच्या तांत्रिक बाजूबद्दल.

चित्र १.३७:१ प्रमाणात आहे, म्हणजे जवळजवळ चौकोनी. आजच्या रुंद पडद्यावर डावी-उजवीकडे काळे पट्टे येणारच. टीव्ही किंवा प्रोजेक्टरवर 'पूर्ण पडदा' किंवा 'झूम' चालू राहिलं तर वरचं-खालचं कापलं जातं, आणि या सिनेमात जिना, छत, हातातल्या वस्तू हे सगळं कडेपर्यंत रचलेलं आहे. माणसं बुटकी-रुंद दिसत असतील तर चित्र ताणलं गेलंय. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. किल्लीच्या शॉटवर तिचा सगळ्यात वाईट परिणाम होतो, झुंबर आणि फरशीच्या चौकटी थरथरतात.

काळ्या रंगाची पातळी तळघराच्या प्रसंगावर बसवा. अंधार राखाडी दिसला तर प्रोजेक्टरच्या खोलीत उजेड शिरतोय. उलट ब्राइटनेस फार उतरवला तर मायामीच्या पार्टीत पाठमोरा बसलेला डेव्हलिन नुसता काळा गोळा होतो. तिथे त्याच्या केसांची कड दिसायला हवी. प्रत मात्र चांगली मिळवा. जुने सिनेमे डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीची २०१९ ची आवृत्ती ४के (खूप बारीक तपशिलाच्या) पुनरुज्जीवनावरून केलेली आहे. निकृष्ट प्रतीत लेबलावरचं साल वाचता येत नाही आणि मग 'तळघरातला_दिवा' यांनी सांगितलेली साखळी मधेच तुटते.

सिनेमाचा एक कच्चा भाग आधीच सांगून टाका, नाहीतर चर्चा त्यावरच अडकते: रिओ. कलाकार हॉलिवूडच्या स्टुडिओत, रिओची दृश्यं वेगळ्या पथकाने टिपून मागच्या पडद्यावर फेकलेली. घोडेस्वारीच्या आणि रस्त्यावरच्या काही प्रसंगांत हे उघड दिसतं: पुढचा उजेड एका दिशेचा, मागचा दुसऱ्या, आणि मागचं चित्र जरा मऊ. माझ्या मते घराच्या आत शिरल्यावर सिनेमा मजबूत होतो त्याचं हेही एक कारण आहे. सबॅस्टियनचं घर खरोखर बांधलेला सेट आहे, त्यातला जिना पायाखालचा आहे.

बाटलीतल्या भुकटीबद्दल प्रश्न येईल. ते युरेनियमचं खनिज. पटकथा बेन हेक्टने हिचकॉकबरोबर लिहिली तेव्हा हिरोशिमा व्हायचं होतं. सिनेमा आला १९४६ मध्ये. कॅलटेक या विज्ञानसंस्थेत भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांना अणुबाँबबद्दल विचारायला गेलो आणि मग आपल्यावर पाळत ठेवली गेली, ही गोष्ट हिचकॉक नंतर सांगत असे. कथेला मात्र युरेनियमचं काही देणंघेणं नाही. त्या जागी हिरे असते तरी प्रसंग असेच उभे राहिले असते. एक बारकावा: युरेनियमचं खनिज फार जड असतं, ते भरलेली बाटली दारूच्या बाटलीपेक्षा हाताला चांगलीच वजनदार लागायला हवी. पडद्यावर ती तशी हाताळलेली दिसत नाही. गटात कुणी रसायनशास्त्राचं असेल तर हे हमखास विचारेल.

---

तळघरातला_दिवा

तिसरा तुकडा लावायला वेळ उरला तर जिना लावा, तोही आवाज बंद करून एकदा आणि आवाजासकट एकदा.

आवाज बंद असताना फक्त नजरा मोजायच्या. डेव्हलिन ॲलिशियाला आधार देत खाली आणतोय. बाजूला सबॅस्टियन आणि त्याची आई. खाली दिवाणखान्याच्या दारात त्याचे साथीदार उभे, वर बघतायत. चौघांपैकी प्रत्येकाला काहीतरी लपवायचं आहे आणि खालच्यांना अजून काहीच माहीत नाही. सबॅस्टियन ओरडला तर डेव्हलिन अडकतो. पण ओरडायचं तर "माझी बायको अमेरिकी हेर आहे आणि मी ते तुमच्यापासून लपवलं" असं सांगावं लागेल, आणि एका चुकलेल्या बाटलीपायी या लोकांनी आपल्याच माणसाचं काय केलं ते त्याने पाहिलंय. डेव्हलिनचं सगळं संरक्षण एवढंच: समोरच्याची भीती. त्याच्याजवळ पिस्तूल असेलही, खिशातला हात तसं सुचवतो, पण उपयोग त्याचा नाही.

मग आवाज लावा. खालून विचारणा होते, तिला काय झालं? आई घाईने मुलाला खुणावते की याच्याच सुरात सूर मिळव. त्या घरात आजवर हुकूम चालला तो तिचा, आणि आता तिला शत्रूच्या खोट्यालाच धरून राहावं लागतंय. डेव्हलिन इस्पितळाचं नाव घेतो, सबॅस्टियन त्याला दुजोरा देतो. हेराने रचलेली थाप आणि फसलेल्या नवऱ्याची थाप एक होते. पावलं सावकाश पडतात. घाई केली तर संशय येईल, म्हणून वेग वाढवायची सोयच नाही. पाठलागात वेग वाढवून ताण आणतात. इथे वेग वाढवता येत नाही म्हणून ताण आहे.

गाडीपाशी सबॅस्टियन गयावया करतो, मलाही घ्या. डेव्हलिन दाराची कडी लावतो. जागा नाही. रेन्स इथे जे करतो त्याकडे गटाचं लक्ष वेधा. तो अख्ख्या सिनेमात सगळ्यात खरं प्रेम करणारा माणूस आहे, उंचीने बर्गमनपेक्षा कमी, आईच्या धाकातला, मत्सरी, आणि विष घालणाराही. त्याची कीव येते आणि ती येताना आपल्याला अवघडल्यासारखं होतं. ऑस्करसाठी सहायक अभिनेत्याचं नामांकन त्याला मिळालं ते रास्तच होतं.

गाडी निघून गेल्यावर दारातून त्याला आत बोलावलं जातं, अगदी सभ्य शब्दांत. तो वळतो आणि पायऱ्या चढायला लागतो. आत काय होणार ते दाखवलेलं नाही. चर्चेत कुणी "मग पुढे?" असं विचारलं तर जेवणाच्या टेबलावर बाटलीपाशी गडबडलेल्या त्या पाहुण्याची आठवण करून द्या. त्याचाही शेवट पडद्यावर नाही, फक्त त्याला घरी सोडायला कोण निघालं तेवढं दिसतं.